गाणे वेगळे शिकवावे की सगळ्या कलांसोबत? लहान मुलांच्या संगीतशिक्षणाचा आढावा

पहिली-दुसरीतल्या मुलांना संगीत स्वतंत्र विषय म्हणून शिकवायचे, की नाच, नाटक, चित्र आणि गोष्ट यांच्या सोबतीने? दिसायला हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे. पण त्याच्या पोटात आणखी काही प्रश्न दडलेले आहेत: शिकवणार कोण, मुलाला नेमके काय यायला हवे, आणि वर्गात गाणी कोणाची म्हणायची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कलांना इतर विषयांच्या अध्यापनात आणण्याचा पुरस्कार केला. २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय आराखड्याने कलाशिक्षणाला दहावीपर्यंत मुख्य विषयांच्या पंगतीत बसवले. महाराष्ट्रात २०२५-२६ पासून, पहिलीपासून सुरुवात करून, नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे. म्हणून ही जुनी चर्चा आज कुठे उभी आहे, ते पाहणे बरे.

इथे संगीत म्हणजे सगळ्यांसाठीचे संगीत. क्लास लावून प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षांच्या पायऱ्या चढणारे मूल या चर्चेचा विषय नाही. गळा बरा असो वा नसो, वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाला सूर-तालाची जी ओळख व्हायला हवी, ती कोणत्या वाटेने व्हावी एवढाच प्रश्न आहे.

दोन उगम, एकच वर्ष

सामूहिक संगीतशिक्षणाची आधुनिक सुरुवात आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज निघाला. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा उभी केली. पुढे पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. घराण्याच्या चौकटीत एका गुरूपुढे एक शिष्य बसे. इथे वर्ग, तास, स्वरलेखन, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा आल्या. पलुस्करांनी लहानांसाठी ‘संगीत बालप्रकाश’ सारखी पुस्तकेही लिहिली. गाणे चारचौघांच्या मुलामुलींना शिकता येते, हे या मंडळींनी सिद्ध केले. मात्र त्यांच्या शाळेत संगीत हे संगीतच होते. सूर, अलंकार, राग, ताल अशी त्याची चढती भाजणी होती आणि नाच-नाटकाशी त्या वर्गाचे देणेघेणे नव्हते. संगीताला प्रतिष्ठा मिळवून द्यायची, तर तमाशा आणि कोठा यांच्यापासून अंतर राखावे लागेल, असे त्या काळच्या सुधारकांना वाटत होते. या अलगपणामागे तेही एक कारण होते.

त्याच १९०१ च्या डिसेंबरात रवींद्रनाथांची शाळा शांतिनिकेतनात सुरू झाली. तिथे गाणे ऋतूंच्या उत्सवात, नाटकात आणि प्रार्थनेत गुंफलेले असे. ‘शारदोत्सव’ हे नाटक १९०८ मध्ये शाळेतल्या मुलांनीच केले. पुढे नंदलाल बोस आणि कलाभवनाची मंडळी आल्यावर नेपथ्य, अल्पना, वेशभूषा हीसुद्धा त्या एकाच कामाची अंगे झाली. मुलाला गाणे यायचे, कारण त्याला नाटकात ते म्हणायचे असायचे. आज ज्याला कला-समावेशित शिक्षण म्हणतात, त्याचा देशी पूर्वज शोधायचा तर तो इथे सापडतो.

तिसरा प्रवाह बालशिक्षणाचा. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. या प्रवाहाच्या आतच एक ताण होता आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. माँटेसोरी पद्धतीत एकेक इंद्रिय सुटे करून घडवायचे असते. घंटांचा संच सारखाच दिसणारा, फरक फक्त सुराचा, म्हणजे मुलाने डोळ्यांवर न विसंबता कानाने जोड्या लावाव्यात. गिजुभाईंनी ही पद्धत घेतली, पण तिच्याभोवती लोककथा, लोकगीते, रास आणि नाट्यप्रयोग आणून बसवले. कान सुटा घडवावा की भरल्या घरात, हा वाद एकाच बालमंदिराच्या छपराखाली नांदत होता.

१९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने नयी तालीमचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात चित्रकला आणि संगीत दोन्ही होते, आणि एका उद्योगाभोवती सगळे विषय गुंफण्याची समवाय पद्धतीही होती. स्वातंत्र्यानंतरच्या शाळेने यातले फारसे उचलले नाही. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण हे तीन शब्द एका दमात उच्चारायची सवय लागली. परिपाठ, प्रार्थना आणि २६ जानेवारीचे समूहगीत यापलीकडे सर्वसाधारण प्राथमिक शाळेतले संगीत गेले नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या वेळी कला, संगीत, नृत्य आणि नाट्य यांच्यावर स्वतंत्र अभ्यासगट नेमला गेला, तेव्हा या विषयाला पुन्हा धोरणाच्या कागदावर जागा मिळाली.

ऑर्फ आणि कोडाय

जगभरच्या शिक्षक-प्रशिक्षणात आज जी नावे ऐकू येतात, ती तीन युरोपीय संगीतकारांची. जिनिव्हाच्या एमिल जाक-दालक्रोझ यांच्या लक्षात आले की, त्यांच्या विद्यार्थ्यांना लयीची गणिते कागदावर येतात, अंगात मात्र लय नाही. म्हणून त्यांनी मुलांना तालावर चालायला, थांबायला, वळायला लावले. जर्मनीत कार्ल ऑर्फ यांनी १९२४ मध्ये डोरोथे ग्युंटर यांच्यासह म्युनिकला शाळा काढली. तिथे नृत्य आणि संगीत एकत्रच शिकवत. १९४८ मध्ये बव्हेरियन रेडिओवर त्यांनी मुलांसाठी कार्यक्रम केले आणि गुनिल्ड केटमान यांच्यासह १९५० ते १९५४ या काळात पाच खंड प्रसिद्ध केले. शब्दाच्या वजनातून ताल, तालातून हालचाल, हालचालीतून गाणे आणि लाकडी-धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यांवर लगेच काहीतरी रचून वाजवणे, हा ऑर्फ यांचा क्रम. मुलाने आधी खेळावे, नाव मागाहून कळावे.

हंगेरीत झोल्तान कोडाय यांची भूमिका निराळी होती. १९५० मध्ये केच्केमेट या त्यांच्या जन्मगावी रोज गायनाचा तास असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली. साधन एकच: मुलाचा गळा. साहित्य: त्याच्याच भाषेतली लोकगीते. क्रम मात्र काटेकोर. आधी दोन सूर, मग तीन, मग पाच. हाताच्या खुणांनी सूर दाखवायचे, आणि लिहिता-वाचता आल्याशिवाय पुढे जायचे नाही.

आपल्या वादातले दोन्ही पक्ष या दोन नावांच्या आडून बोलतात, पण दोघांच्याही युक्त्या आपल्याकडे आधीच होत्या. षड्ज हवा तिथे धरून सरगम म्हणण्याची आपली रीत कोडाय यांच्या सरकत्या स्वरनामांहून वेगळी नाही. पाच सुरांपासून सुरुवात करण्याचे शहाणपणही भूप शिकवणाऱ्या कोणत्याही मास्तरांकडे असते: मध्यम-निषाद नसल्याने चुकायच्या जागाच कमी. आणि कथकची पढंत तर ऑर्फ यांना हवे होते तेच करते. बोल तोंडाने म्हणायचा, हाताने ताल धरायचा, मग तोच बोल पायांतून काढायचा. बोलणे, मोजणे, नाचणे यांच्यात फट राहतच नाही. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातही गायनाच्या जोडीला वाद्यांचा सहावा आणि नृत्याचा सातवा अध्याय आहे. एकत्र कलांचे पुरस्कर्ते हा दाखला हमखास देतात. तो खरा आहे, पण त्या ग्रंथापुढे सहा वर्षांचे मूल नव्हते, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

एकत्र म्हणजे कसे? ब्रेस्लर यांच्या चार तऱ्हा

‘एकत्र’ म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळे चित्र असते, आणि चर्चेतला अर्धा गोंधळ तिथलाच. इलिनॉय विद्यापीठाच्या लिओरा ब्रेस्लर यांनी अमेरिकेतल्या प्राथमिक शाळा जवळून पाहून १९९५ मध्ये चार तऱ्हा मांडल्या. अजूनही याहून उपयोगी वर्गवारी झालेली नाही, असे माझे मत आहे. त्या आपल्या शाळांनाही चपखल लागू पडतात.

पहिली तऱ्हा चाकरीची. कला दुसऱ्या विषयाच्या सेवेला. पाढे चालीत म्हणणे, महिन्यांची नावे गाण्यात बसवणे, पाण्याच्या चक्रावर गाणे रचणे. मुलांना मजा येते, पाठ लवकर होते, पण संगीत म्हणून मूल जिथे होते तिथेच राहते. ब्रेस्लर यांना सर्वाधिक आढळली ती हीच तऱ्हा. दुसरी भावनेची: मन शांत करायला किंवा मोकळे करायला संगीत लावायचे आणि मुलांनी हवे तसे चित्र काढायचे. तिसरी समारंभाची. पाहुणे आले की स्वागतगीत, पालकांसाठी स्नेहसंमेलन. महाराष्ट्रात या तऱ्हेचे राज्य आहे, हे सांगायला संशोधन नको. डिसेंबर-जानेवारीत कोणत्याही शाळेच्या बाजूने गेले तरी कळते. गाणे मोबाइलवरून स्पीकरला जोडलेले, मुलांच्या वाट्याला स्टेप्स. त्या महिनाभरात मुले नाचतात भरपूर, पण गात कोणीच नसते.

चौथी तऱ्हा बरोबरीची. दोन कला किंवा कला आणि दुसरा विषय एकमेकांकडून काहीतरी घेतात आणि दोन्हीकडे शिकणे घडते. ब्रेस्लर यांना ती क्वचितच दिसली, कारण तिच्यासाठी शिक्षकाला दोन्ही बाजू ठाऊक असाव्या लागतात.

तिचे एक उदाहरण मांडून पाहू. पावसाची गोष्ट सांगायची आहे. मुले एका बोटाने तळहातावर थेंब वाजवतात, मग दोन बोटांनी, मग टाळीने, मग मांडीवर थापांनी, आणि उलट क्रमाने पाऊस ओसरतो. एवढ्याने खेळ होतो, संगीताचा पाठ होत नाही. आता दुसऱ्या गटाने हा पाऊस ऐकत फळ्यावर काढायचा: विरळ ठिपके, दाट ठिपके, जाड रेघा. तिसऱ्या गटाने ते चित्र डावीकडून उजवीकडे वाचत पुन्हा वाजवायचे. चित्रात जाडी वाढली म्हणजे आवाज वाढवायचा की लय, यावर मुलांत वाद होतो. तो वाद झाला की पाठ सुरू झाला. आवाजाचा लहान-मोठेपणा आणि लयीचे जलद-संथ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना कळले आणि चिन्ह वाचून वाजवता येते हेही कळले. कॅनडाचे मरी शेफर आणि इंग्लंडचे जॉन पेंटर यांनी १९६०-७० च्या दशकांत वर्गातल्या संगीतरचनेचे जे प्रयोग केले, त्यांचा हा धागा आहे.

यावर आपल्या गायनमास्तरांचा आक्षेप ठरलेला असतो, आणि तो वाजवी आहे: यात सूर कुठे आहे? टाळ्या-थापांतून लय येईल, पण मूल षड्जाला षड्ज मिळवायला शिकणार कधी?

मिसळा, वेगळे ठेवा, आणि दोन्ही करा

कला एकत्र शिकवाव्यात असे म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार लहान मुलाच्या स्वभावात आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे १९३७ पासून दशकभर चाललेल्या पिल्सबरी फाउंडेशनच्या शाळेत ग्लॅडिस मूरहेड आणि डोनल्ड पाँड यांनी मुलांना न शिकवता, हाताशी वाद्ये ठेवून, ती काय करतात याच्या नोंदी घेतल्या. मुलांचे आपोआप उगवणारे संगीत बोलण्यापासून आणि हालचालीपासून सुटे नसते, हे त्या नोंदींतून पुढे आले. उड्या मारताना घोष येतो, घोषातून सूर. ते सुटे करायचे काम मोठी माणसे करतात. आपला भोंडला पाहा. पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात. पावलागणिक ठेका पडतो, त्यामुळे लय वेगळी शिकवावी लागत नाही. चाली चार-पाच सुरांत फिरतात, म्हणजे कोवळ्या गळ्यावर ताण नाही. काही गाणी कडव्यागणिक लांबत जातात, त्यातून स्मरण घडते. लहान बहीण मोठीचा हात धरून फिरते आणि दोन-तीन वर्षांत, कोणी न शिकवता, सगळी गाणी तिची होतात. शेवटी खिरापत ओळखायची असते, म्हणून कोणी मध्येच पळत नाही. एवढी नीट बसवलेली पाठयोजना कोणत्याही प्रशिक्षण वर्गात तयार झालेली नाही. याशिवाय या बाजूचा आणखी एक मुद्दा समतेचा आहे. गळ्यात सूर नसलेल्या मुलालाही पडदा ओढायला, ढोल धरायला, मुखवटा रंगवायला जागा मिळते, आणि ‘तू नुसते ओठ हलव’ असे त्याला ऐकावे लागत नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे क्रमाविषयी आहे. अमेरिकेचे संगीतशिक्षणतज्ज्ञ एडविन गॉर्डन यांच्या मते संगीताची उपजत समज साधारण नऊ वर्षांपर्यंत घडत राहते आणि मग स्थिरावते. ती नेमकी नवव्याच वर्षी स्थिरावते का, याबद्दल मतभेद आहेत, पण लहान वयात कान लवचीक असतो याबद्दल नाहीत. हीच वर्षे पावसाच्या आवाजात आणि मुखवट्यांत गेली, तर सूर लावण्याची सवय कधी लागणार? प्रकल्पाला विषय असतो, संगीताला क्रम असतो. या महिन्यात ‘झाडे’, पुढच्या महिन्यात ‘आपले मदतनीस’ असे विषय फिरत राहिले, तर गाणी विषयाप्रमाणे निवडली जातात, सुरांच्या चढणीप्रमाणे नव्हे. इंग्लंडने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला संगीताचा नमुना अभ्यासक्रम याच काळजीतून इयत्तावार तपशिलात शिरला: कोणत्या वर्षी मुलांनी किती पल्ल्याची गाणी गावीत, इथपर्यंत.

आपल्याकडे पल्ल्याचा हा मुद्दा तर सर्रास दुर्लक्षित राहतो. सहा-सात वर्षांच्या बहुतेक मुलांचा सहज गाण्याचा टापू साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा एवढाच असतो. गुरुजी आपल्या सोयीने खालच्या पट्टीत सुरुवात करतात, मुले तिथे उतरू शकत नाहीत, मग ती गाणे सोडून बोलू लागतात किंवा ओरडू लागतात. आपण म्हणतो, मुलांना सूर नाही. कला एकत्र असोत की वेगळ्या, पेटीवरची ही पट्टी चुकली की दोन्ही पद्धती सारख्याच फसतात.

मधली भूमिका घेणारे देश पाहिले तर फिनलंडचे उदाहरण बोलके आहे. २०१४ मध्ये ठरून २०१६ पासून अमलात आलेल्या तिथल्या अभ्यासक्रमाने प्रत्येक शाळेला वर्षातून किमान एक बहुविषयक उपक्रम सक्तीचा केला, पण संगीत हा विषय वेगळाच ठेवला. आपल्या एनसीईआरटीने २०२४ मध्ये तिसरीसाठी आणलेल्या ‘बांसुरी’ या पुस्तकात चित्र, संगीत, नृत्य आणि नाट्य एका बांधणीत आले आहेत, तरी विभाग स्वतंत्र आहेत. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ मध्ये कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण शेजारी शेजारी बसवले आहेत. शेजार म्हणजे मिसळण नव्हे. पण ते वाईटच असेही नाही. शिक्षक एका विभागातून दुसऱ्यात दार उघडतो की नाही, यावर सगळे ठरते.

पुरावा कितपत आहे?

या क्षेत्रात दाव्यांची कमतरता कधीच नव्हती. १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये मोत्सार्ट ऐकल्यावर कॉलेजातल्या विद्यार्थ्यांची अवकाशीय कोडी सोडवण्याची क्षमता काही मिनिटे वाढल्याचे एक छोटे टिपण आले आणि त्यावर गर्भवतींसाठी कॅसेटी विकण्याचा धंदा उभा राहिला. लहान मुलांशी त्या प्रयोगाचा संबंधच नव्हता.

टोरांटोला ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक काळजीपूर्वक केलेला होता आणि आपल्या प्रश्नाला तो थेट भिडतो. सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले: कोणाला कीबोर्ड, कोणाला गायन, कोणाला नाटक, कोणाला काहीच नाही. ३६ आठवड्यांनंतर संगीताच्या गटांचा बुद्ध्यंक सरासरी ७ गुणांनी, तर इतरांचा ४.३ गुणांनी वाढला. फरक आहे, पण लहान आहे. आणि सामाजिक वागणुकीत लक्षणीय सुधारणा दिसली ती नाटकाच्या गटात, संगीताच्या नव्हे. म्हणजे सगळ्या कला सारखेच काहीतरी देतात, हे गृहीतक इथे टिकत नाही. एकत्र शिकवताना कोणत्या कलेकडून काय अपेक्षायचे, ते वेगवेगळे ठरवावे लागेल.

लाइपझिगला सेबास्टियन किर्शनर आणि मायकल टोमासेलो यांनी चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या करून पाहिले (२०१०). ज्या जोड्या एकत्र गाऊन-नाचून-वाजवून खेळल्या, त्यांनी तोच खेळ संगीताशिवाय खेळलेल्या जोड्यांपेक्षा एकमेकांना जास्त मदत केली. यात गाणे, हालचाल आणि वाद्य एकत्र आहेत, म्हणून समावेशवादी हा दाखला देतात. पण त्यामुळेच नेमके श्रेय कोणाचे, ते सुटे करता येत नाही.

व्यापक आढावे मात्र थंड पाणी ओततात. हार्वर्डच्या प्रोजेक्ट झीरोमध्ये लोइस हेटलंड आणि एलन विनर यांनी २००० मध्ये उपलब्ध संशोधन एकत्र तपासले. नाट्यीकरणाने भाषिक कौशल्ये सुधारतात याला बऱ्यापैकी आधार मिळाला. कलांनी एकूण शैक्षणिक गुण वाढतात याला कार्यकारणाचा भरवशाचा आधार मिळाला नाही. २०२० मध्ये सला आणि गोबे यांनी ५४ अभ्यासांमधल्या जवळपास सात हजार मुलांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा चांगल्या बांधणीच्या अभ्यासांत संगीतशिक्षणाचा इतर बौद्धिक क्षमतांवरचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. त्याच आकडेवारीची फेरमांडणी करून बिगान आणि टिलमान यांनी दोन वर्षांनी थोडा सकारात्मक परिणाम दाखवला. वाद संपलेला नाही. गणित सुधारावे म्हणून गाणे, हा युक्तिवाद मात्र आज कमकुवत झाला आहे, हे दोन्ही पक्षांनी मान्य करण्यासारखे आहे. धोरणाच्या कागदांवर तो अजून जोमात आहे, ही गोष्ट वेगळी.

शिकवणार कोण?

तत्त्वाची चर्चा इथे येऊन जमिनीला टेकते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला ती लागू नाही. म्हणजे ज्या वयाबद्दल हा सगळा वाद आहे, त्या वयाला संगीताचा शिक्षक कायद्यानेच मिळत नाही. वर्गशिक्षक किंवा शिक्षिकाच सगळे शिकवणार. अशा परिस्थितीत कला एकत्र शिकवणे हा विचारपूर्वक निवडलेला मार्ग आहे, की शिक्षक नाही म्हणून स्वीकारलेली सोय, हा संशय संगीतवाल्यांच्या मनात राहतो. दुसरी बाजू म्हणते की, बालवाडीच्या ताई किंवा पहिलीच्या बाई दिवसभर त्याच मुलांबरोबर असतात. हात धुताना, रांग लावताना, डबा खाताना गाणे आणणे त्यांनाच जमते, आठवड्यातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञाला नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत.

तोडगे सुचवले जातात. २०२० च्या धोरणात स्थानिक कलाकारांना शाळेत आणण्याची कल्पना आहे. स्पिक मॅके १९७७ पासून मोठ्या कलावंतांना शाळांत नेत आली आहे, पण तिथे मुले मुख्यतः ऐकतात. गावातला भजनी मंडळाचा मृदंगवादक किंवा लेझीम शिकवणारा माणूस वर्गशिक्षिकेसोबत तासाला उभा राहिला, तर बरोबरीची तऱ्हा शक्य होते. त्याला मानधन कोणत्या शीर्षाखाली द्यायचे, इथे गाडी अडते. दरम्यान पोकळी तंत्राने भरली आहे. कवितेची चाल मोबाइलवर शोधली की मिळते. त्याने सूर न लागणाऱ्या शिक्षकांची अडचण दूर झाली, हा मोठाच फायदा. पण शिक्षक स्वतः चाल लावत, ती गावोगावी निराळी असे, आणि चाल लावली जाताना मुले पाहत असत. आता चाल तयारच येते.

गाणी कोणाची?

समावेशाचा आग्रह धरणारी कागदपत्रे स्थानिक कलांचा पुरस्कार करतात. कोसबाडला वारली मुलांच्या परिसरातले साहित्य वर्गात आले, तेव्हापासून या विचाराला महाराष्ट्रात मुळे आहेत. तारप्याभोवतीच्या नाचात वादक, नाचणारे आणि फेराची आकृती एकमेकांपासून सुटत नाहीत. भिंतीवरच्या वारली चित्रातही तोच फेर असतो. एकत्र कलांच्या पाठासाठी याहून चांगले साहित्य कुठले?

पण अडचणी आहेत. तारपा वाजवण्याचा हंगाम आणि निमित्त ठरलेले असते. शाळेच्या मंचावर तो रंगीत कार्यक्रम होऊन बसतो, आणि वारली मुलांनाच आपल्या आजोबांचे गाणे ‘आदिवासी नृत्य’ म्हणून नव्याने शिकावे लागते. भोंडल्याची गाणी सासर-माहेराची आणि मुलींचीच. वर्गातल्या मुलग्यांना फेरात घेतले तर शब्दांचे काय करायचे? कोणी शब्द बदलतात, कोणाला तो परंपरेवर घाला वाटतो. भजन, ओवी, आरती सहज ‘आपले संगीत’ म्हणून वर्गात येतात. वस्तीतल्या घराघरांत ऐकू येणारे भीमगीत, १९३० च्या दशकापासूनची आंबेडकरी जलशांची परंपरा किंवा कव्वाली यांना तेवढ्या सहजतेने जागा मिळत नाही. गोव्यात आणखी एक पदर आहे. चर्चच्या शाळांतून पिढ्यानपिढ्या स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले गेले, म्हणजे तिथे लोकसंगीत आणि लिखित संगीत एकाच गावात नांदत आले. स्थानिक संगीत म्हणजे कोणते, याचे एक उत्तर तिथे निघतच नाही. वर्गातली सगळी मुले एकाच घरातून आलेली नसतात. निवड शिक्षकावर सोपवली की ती बहुधा शिक्षकाच्या घराकडे झुकते.

नोंदवायचे काय?

राहिला मूल्यमापनाचा प्रश्न. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कलेला श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. हेतू चांगला होता. व्यवहारात तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या, आणि मूल गाण्यात आवडीने भाग घेते या आशयाची ओळ चाळीस प्रगतिपुस्तकांत उतरली. नाटक, गाणे, चित्र एकत्र आले की ही नोंद आणखीच धूसर होते. प्रयोग छान झाला, हे सगळ्यांना दिसते, पण तिसऱ्या रांगेतल्या मुलाला सम कळते का, हे कोणी पाहिलेले नसते.

यावर दोन मते आहेत. एका मते सात वर्षांच्या मुलाचे संगीत मोजूच नये, सहभाग पुरे. दुसऱ्या मते मोजू नका, पण ऐका तरी: वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाने एकट्याने चार ओळी गाव्यात, शिक्षकाने पट्टी, लय आणि शब्द यांवर एकेक ओळ लिहावी. तीसच्या वर्गात याला दोन-तीन तास लागतील. मला दुसरे मत अधिक पटते, कारण गटात मूल गाते की ओठ हलवते, हे एरवी कळायला मार्ग नाही. नव्या अभ्यासक्रमाच्या शिक्षक-हस्तपुस्तिकांत अशा ऐकण्याला जागा आणि वेळ मिळतो का, आणि पहिली ते पाचवीला संगीत जाणणारा एखादा शिक्षक निदान केंद्रपातळीवर, दहा-बारा शाळांत मिळून एक तरी, नेमला जातो का, या दोन गोष्टींवर पुढच्या काही वर्षांत ही चर्चा कोणत्या बाजूला सरकते ते अवलंबून आहे.